एकही दिवस सुट्टी न घेणारा मुलगा



आज निबंध नाही, पाठही नाही. आज व्यायामावर लिहायचं आहे, तेही जिममधल्या. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी जिमवर काय लिहायचं, असं काही जणांना वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या वर्गापर्यंतच येऊन पोचतो.

दोन वर्षांपूर्वी माझी कंबर सारखी दुखायला लागली. दिवसभर उभं राहायचं, नाहीतर लहान बाकावर वाकून वह्या तपासायच्या. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या किती दिवस खाणार? पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू मजबूत करा." म्हणून सकाळी जिमला जायला लागले. पाबळसारख्या गावात बाईनं जिमला जायचं म्हणजे सुरुवातीला संकोच वाटतोच. पहिल्याच दिवशी आरशासमोर डंबेल मारणारी तीन पोरं मला बघून दचकली. तिघंही माझ्याकडे शिकलेली. "बाई, तुम्ही इथं?" म्हणत एकानं तर कानातली गाण्याची बटणंच काढून खिशात घातली.

मीही पहिल्या आठवड्यात चूक केली. उत्साहाच्या भरात एका दिवसात शंभर बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी पहिलीच्या मुलांबरोबर गोल करून खाली बसले, ती भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उठताच येईना. पोरं हसली, मीही हसले. माझं तेवढ्यावर निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही.

बक्षीस मिळालेला मुलगा

त्या तिघांपैकी एक पोलीस भरतीची तयारी करत होता. आपल्या भागात हे घरोघरी दिसतं. शेती कोरडवाहू, नाहीतर चाकण-रांजणगावला कंपनीत पाळी, नाहीतर भरती. हा मुलगा पहाटे डांबरी रस्त्यावर जीव तोडून पळायचा, तिथून थेट जिमला यायचा आणि पायांचाच व्यायाम करायचा. रोज. नडगी दुखायला लागली तर दुखण्याची गोळी खाऊन पळायचा. ग्राउंडला महिना राहिला असताना पायच टेकवेना. डॉक्टरांनी सांगितलं, नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलाय, पळणं बंद. ती भरती हुकली.

भेटायला गेले तर तो खाटेवर पाय लांब करून बसलेला. म्हणाला, "बाई, मी तर एकही दिवस सुट्टी घेतली नव्हती."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण चौथीत असताना याच मुलाला वर्षभर एकही खाडा न केल्याबद्दल मी स्वतः बक्षीस दिलं होतं. कंपासपेटी होती. अंगात ताप असतानाही तो शाळेत आला होता आणि मी वर्गासमोर त्याचं कौतुक केलं होतं.

तेव्हापासून मला वाटायला लागलं आहे की आपली पोरं जिममध्ये मेहनतीला कमी पडत नाहीत. ती आपण शिकवलेल्या पद्धतीनंच व्यायाम करतात. वर्षभर काही नाही आणि परीक्षा आली की रात्रंदिवस घोकंपट्टी. शेजारच्याचं बघून उतरवायचं. समजलं नाही तरी पुढचा धडा घ्यायचा. किती वेळ बसलो ते मोजायचं, किती आलं ते मोजायचं नाही. वहीत हे चालून जातं, हाडामांसात चालत नाही.

म्हणून चांगला व्यायाम म्हणजे चांगला अभ्यास, असं माझं मत आहे. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी आपल्याला बी.एड.-डी.एड.ला शिकवलेल्याच आहेत. त्याच क्रमानं सांगते.

१. आधी पायाभूत चाचणी

मुलाला भागाकार शिकवण्याआधी वजाबाकी येते का ते आपण बघतो. व्यायामातही आधी स्वतःची चाचणी घ्या. न थांबता नीट बैठका किती होतात? जोर किती होतात, आणि जमत नसतील तर भिंतीला किंवा बाकाला हात लावून किती होतात? बोलता बोलता किती मिनिटं भरभर चालता येतं? आकडे वहीत लिहा, तारीख टाका. माझे पहिले आकडे होते: बैठका १२, बाकावरचे जोर ४. लाज वाटायचं कारण नाही. चाचणी कुणाला नापास करायला नसतेच.

वय चाळीसच्या पुढं असेल, रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. चाचणीचा हा भाग वगळू नका.

२. टाचण आणि नोंदवही

टाचण न काढता वर्गात गेलो की तास कसा जातो ते आपल्याला माहीत आहे. जिममध्ये मात्र बहुतेक जण टाचणाशिवाय जातात. जे यंत्र रिकामं दिसेल त्यावर बसतात, मध्ये मोबाइल बघतात, दीड तासानं घामाघूम होऊन घरी जातात. दोन महिन्यांनी विचारलं तर काय वाढलं ते सांगता येत नाही.

चाळीस पानी वही घ्या. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, एवढे चार रकाने पुरे. ज्या गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि हातानं काम करत करत शिकायचं हे दाखवून दिलं, त्या आपल्या गावातल्या पोरांना करा, मोजा, लिहा हे वेगळं शिकवायला लागू नये.

३. आधी वळण, मग वेग

अक्षराला वळण नसताना भरभर लिहायला लावलं तर जन्मभर अक्षर बिघडतं. वजनाचंही तसंच. पहिले दोन-तीन आठवडे हलकं वजन आणि नीट हालचाल. बैठकीत टाच जमिनीवर, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनं, पाठ सरळ. खालून वजन उचलताना कंबर गोल न करता नितंब मागे नेऊन उचलायचं. धान्याचं पोतं किंवा पाण्याची कळशी उचलतानाही हीच रीत. माझी कंबर अर्धी तर या एका सवयीनं सुधारली.

व्यायाम पंधरा प्रकारचे नकोत. पाच हालचाली धरा: बसून उठणं (बैठक), ढकलणं (जोर किंवा डंबेल वर ढकलणं), ओढणं (डंबेल कमरेकडे ओढणं किंवा बारला लटकून वर जाणं), वाकून उचलणं आणि वजन घेऊन चालणं. सगळं शरीर यात येतं. नुसते दंड फुगवायचे आणि पाय-पाठ सोडून द्यायचे म्हणजे एकाच विषयाचा अभ्यास करून वार्षिक परीक्षेला बसायचं.

सुरुवातीला पाच-दहा मिनिटं अंग गरम करणं सोडू नका. परिपाठाशिवाय आपण तरी शाळा कुठं भरवतो?

४. पाढे पायरी पायरीनं

दोनचा पाढा न येणाऱ्याला आपण एकोणीसचा देत नाही. तरी जिममध्ये पहिल्या महिन्यात शेजारच्याएवढं वजन लावायची घाई असते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण जिममध्ये शब्दशः खरी होते. बाशिंगाऐवजी गुडघ्याला पट्टा येतो एवढंच.

सोपी पद्धत सांगते. नीट ८ वेळा उचलता येईल असं वजन घ्या. समजा १० किलो आहे. ८ वेळा, असे ३ सेट. गुणाकार करा: १० × ८ × ३ = २४० किलो. पुढच्या आठवड्यात ९ वेळा जमलं तर २७०. असं करत १२ वेळांपर्यंत आलात की झाले ३६०. मग वजन १२.५ किलो करा आणि परत ८ वर या. आकडा ३०० दिसेल, पण आता तुम्ही वरच्या इयत्तेत गेलेले असता. पाचवीत गेलेला मुलगा पहिल्या घटक चाचणीत थोडा मागे पडतो, तसंच हे.

आणि प्रत्येक सेटला जीव जाईपर्यंत ताणू नका. पोटात दोन घासांची जागा ठेवून पानावरून उठावं म्हणतात, तसं अजून दोनदा जमलं असतं असं वाटत असतानाच थांबायचं. नवख्यानं तर नक्कीच.

दुसऱ्या दिवशी अंग दुखणं साहजिक आहे. दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. पण सांध्यात टोचणारी, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी, रोज वाढत जाणारी दुखणी वेगळी. ती आली की थांबायचं. अति व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो मूत्रपिंडावरच्या ताणाचा इशारा असतो.

५. सुट्टी हाही अभ्यास

ही गोष्ट मला सगळ्यांत उशिरा समजली. स्नायू जिममध्ये वाढत नाही. जिममध्ये तो थकतो, त्यात बारीक झीज होते. तो भरून येतो आणि थोडा जास्त मजबूत होतो ते झोपेत आणि विश्रांतीत. म्हणून त्याच स्नायूंच्या दोन जड व्यायामांत साधारण ४८ तास जाऊ द्यावेत. हाडाला तर स्नायूपेक्षाही जास्त वेळ लागतो. माझ्या विद्यार्थ्याच्या छातीला, पायांच्या स्नायूंना रोजचं पळणं झेपत होतं, नडगीच्या हाडाला झेपलं नाही.

आपले खाशाबा जाधव आठवा. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा पैलवान. त्यांना ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाचं हे काम मी दरवर्षी वर्गात सांगते. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण त्या दिवसाची दुसरी बाजू आपण फारशी सांगत नाही. जपानच्या मल्लाबरोबर लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपला कोणी अधिकारी तिथं नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगानं लढले आणि ती कुस्ती हरले. एवढ्या मोठ्या मल्लालाही विश्रांती लागत होती. आपल्या पोरांना ती लागणार नाही का?

नोकरी-घर सांभाळणाऱ्याला आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटं पुरतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी चालणं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही प्रौढांसाठी एवढीच आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. रात्रपाळी करून आलेल्यानं न झोपता जिमला जाण्यापेक्षा झोपावं. त्या दिवशी तोच त्याचा व्यायाम.

६. डब्यातलं गणित

"बाई, डबा कोणता घेऊ?" असं पोरं विचारतात. डबा म्हणजे पावडरचा. मी म्हणते, आधी आईनं भरलेला डबा मोज.

६० किलो वजनाचा तरुण धरा. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम. आता बेरीज करा. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १५, मूठ-दीड मूठ शेंगदाणे (५० ग्रॅम) १२, मटकी-मूग-हरभरा-तूर मिळून १०० ग्रॅम कोरडं कडधान्य २२, २०० ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरी २२. झाले ८३. अंडी खात नसाल तर २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या त्यांची जागा घेतात. यात परदेशी काहीच नाही, सगळं बाजारात, नाहीतर आपल्याच शेतात.

पावडर म्हणजे विष नव्हे, ती बहुतेक दुधातलीच प्रथिनं असतात. पण ती जादूही नव्हे, आणि बाप कर्ज काढून घेऊन देत असेल तर पैसा वायाच. इंजेक्शनचं मात्र स्पष्ट बोलते. लवकर अंग भरावं म्हणून कुणी सुई टोचायचा सल्ला देत असेल तर तिथून उठून या. स्टेरॉइडनं अंग फुगतं खरं, पण हृदय, यकृत आणि पुढं बाप होण्याची क्षमता यांवर घाला येतो. पालकहो, मुलगा दोन महिन्यांत अचानक फुगला, चेहऱ्या-पाठीवर पुरळ आलं, चिडचिडा झाला, तर नुसतं कौतुक करू नका. जवळ बसवून विचारा.

भरतीच्या पोरांसाठी थोडं गणित

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्यानंतर लेखी १०० गुणांची. रोज पूर्ण ताकदीनं १६०० मीटर पळणं म्हणजे रोज वार्षिक परीक्षा देणं. अभ्यास केव्हा करणार?

समजा १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत काढायचं आहे. म्हणजे ३२० सेकंद. ४०० मीटरचे चार फेरे, प्रत्येकी ८० सेकंद. मग आठवड्यातला एक दिवस ८० सेकंदांच्या फेऱ्यांचा ठेवा, प्रत्येक फेऱ्यानंतर नीट विश्रांती. एक दिवस १०० मीटरच्या छोट्या धावा. बाकी पळणं बोलता येईल इतक्या आरामात, जमेल तेवढं मातीवर. दोन दिवस जिममध्ये बैठका, ओढणं, ढकलणं. ७.२६ किलोचा गोळा नुसत्या दंडानं जात नाही, पाय आणि कंबर तो फेकतात. आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. ती वहीत लिहायची, तिच्यापुढं बरोबरची खूण करायची.

जिममध्ये वस्ताद कुठं आहे?

जुन्या तालमीत आजच्यासारखी यंत्रं नव्हती. लाल माती, जोर-बैठका, मुद्गल, दोरखंड. पण वस्ताद होता. नवीन पोराला तो लगेच कुस्ती धरू देत नसे. आधी हौदा खणायला लावायचा, मग जोर मोजून घ्यायचा, आज याची जोड कुणाशी लावायची ते ठरवायचा, आणि दमलेल्या पोराला कान धरून बाहेर बसवायचा. आज गावोगावी यंत्रं आली, आरसे आले, वस्ताद गेला. त्याच्या जागी मोबाइलमधली रील आली. रीलमधला माणूस आपल्या पोराला ओळखत नाही. त्याला त्याची नडगी दिसत नाही. शिक्षक नसलेला वर्ग आपण चालवून घेणार नाही, मग वस्ताद नसलेली जिम का चालवून घेतो? जिममध्ये पैसे भरण्याआधी पालकांनी एकदा तिथं जाऊन बघावं: शिकवणारा आहे का, की नुसता पैसे घेणारा?

एक शब्द मुलींसाठी आणि माझ्या शिक्षिका मैत्रिणींसाठी. "वजनं उचलून पुरुषासारखं अंग होईल" ही भीती सोडा, तसं होत नाही. उलट पस्तिशीनंतर बाईची हाडं जपायला वजनासारखं दुसरं काही नाही. लहान मुलांनी वजन उचललं की उंची खुंटते हाही गैरसमज. तरी प्राथमिकच्या मुलांना वजनं हवीतच कशाला? जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, लेझीम, सूर्यनमस्कार यात ती सहज होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले, त्याला शंभर वर्षं होत आली. आणि आपण? गणिताचा भाग राहिला की पहिला बळी खेळाच्या तासाचा. मीही घेतला आहे.

या वर्षापासून मी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना स्वतःच्या दोरीच्या उड्यांची नोंदवही ठेवायला लावायची, शेजाऱ्याशी तुलना न करता स्वतःच्या मागच्या आठवड्याशी. आणि एकही खाडा न करण्याचं बक्षीस बंद. त्याऐवजी सर्वांत जास्त सुधारणा करणाऱ्याला बक्षीस, मग आजारपणात तो चार दिवस घरी झोपला असेना का.

तो मुलगा आता परत पळायला लागला आहे. परवा जिममध्ये त्यानं वही दाखवली. रविवारच्या रकान्यात लिहिलं होतं, "सुट्टी". खाली मी लाल पेनानं सही केली.

तुमच्या शाळेत, घरात काय चालतं ते जरूर कळवा. आणि उद्या सकाळी पहिली चाचणी घ्या. आकडा कितीही लहान असू दे, वहीत लिहा.